डिसेंबरची वाट आणि पारव्याचं पुस्तक

राजेहो, आज पोस्ट जरा लांब आहे. कापसाच्या भावावर उद्या भांडू. आज पुस्तकांचं बोलायचं आहे, आणि ते घाटंजीचंच आहे, दिल्लीचं वाटलं तरी.

माझ्या कृषी केंद्रावर नोव्हेंबर लागला की एक वेगळाच सट्टा सुरू होतो. आम्ही चारपाच जण आहोत. दोन मास्तर, एक एसटीतून निवृत्त झालेले काका, एक औषधाच्या दुकानातला पोरगा आणि मी. प्रश्न एकच, "यंदा अकादमी कोणाले?" साहित्य अकादमीच्या मराठी पुरस्काराची बातमी बहुतेक वर्षी डिसेंबरात येते. तोवर रोज संध्याकाळी अंदाज चालतात. हरणाऱ्यानं भजी द्यायची. काका दरवर्षी कादंबरीवर लावतात, एक मास्तर कवितेवर. २०२४ ला सुधीर रसाळांच्या 'विंदांचे गद्यरूप' या समीक्षेच्या पुस्तकाला मिळाला, तेव्हा सगळेच हरले आणि भजीचे पैसे वाटून भरले.

गंमत अशी की ज्याच्यावर आम्ही पैज लावतो ते पुस्तक आमच्यापैकी बहुतेकांनी वाचलेलंच नसतं. नाव पेपरात वाचलेलं असतं, कोणी पुण्याहून फोनवर सांगितलेलं असतं. घोडा न पाहता शंकरपटात पैसे लावण्यासारखं आहे हे. (शंकरपटात घोडे नसतात, बैल असतात, हे मला माहीत आहे. काका लगेच दुरुस्त करतील म्हणून आधीच लिहिलं.)

दुसरीकडे कसं चालतं पाहा. विलायतेतलं बुकर घ्या. आधी तेरा पुस्तकांची लांब यादी येते, मग सहांची छोटी, मग एक नाव. लांब यादी आणि निकाल यांच्यात काही महिने जातात आणि खरा खेळ त्याच महिन्यांत होतो. वाचनालयं ती तेरा पुस्तकं मागवतात, लोक वाचतात, भांडतात. आपल्या देशातही २०१८ साली जेसीबी पुरस्कार सुरू झाला तेव्हा त्यांनी हीच रीत ठेवली. आधी दहा पुस्तकं, मग पाच, मग एक. पण ती पुस्तकं इंग्रजीतली किंवा इंग्रजीत अनुवाद झालेली. मराठी वाचकाला आपल्या भाषेतली अशी यादी हातात घेऊन दोन महिने वाचत बसता येईल, ही पद्धत आपल्याकडे रुजलीच नाही.

अकादमीचं काम कसं चालतं तेही थोडक्यात सांगतो, कारण आमच्या दुकानावर यावरून बरेच गैरसमज आहेत. दिल्लीत बसून कोणी एक माणूस ठरवत नाही. प्रत्येक भाषेची जाणकारांनी केलेली एक पायाभूत यादी असते. ती प्राथमिक फेरीत दहा परीक्षकांकडे जाते. त्यांच्या शिफारशींतून उरलेली पुस्तकं तीन जणांच्या समितीपुढे येतात आणि शेवटी कार्यकारी मंडळ शिक्का मारतं. अशा चोवीस भाषा आहेत. पुस्तक कोणत्या वर्षांतलं असावं याचाही नियम आहे. पुरस्काराच्या आधीचं एक वर्ष सोडायचं आणि त्याच्या मागची पाच वर्षं धरायची. म्हणजे २०२४ च्या पुरस्काराला २०१८ ते २०२२ मधली पुस्तकं. याचा अर्थ असा की यादी असते. लांबही असते, छोटीही असते. फक्त ती वाचणाऱ्याच्या हातात वेळेवर येत नाही.

आता जरा मागे जाऊ.

साहित्य अकादमी १९५४ साली स्थापन झाली आणि पहिले पुरस्कार १९५५ चे. मराठीतला पहिला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना, 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथासाठी. दुसरा बा. सी. मर्ढेकरांना, आणि तोही त्यांच्या कवितेला नाही, 'सौंदर्य आणि साहित्य' या विवेचनाला. मर्ढेकर १९५६ च्या मार्चमध्येच गेले होते. ज्या कवीनं मराठी कविता उलटीपालटी केली त्याला अकादमीचा मान समीक्षेसाठी आणि मृत्यूनंतर. १९५७ ला तर मराठीत कोणालाच दिला नाही. वर्षभर वाट पाहा आणि शेवटी कळतं की यंदा एकही नाव नाही! आमच्या काकांनी त्या वर्षी भजी कोणाकडून वसूल केली असती देव जाणे. तेव्हा रक्कम पाच हजार होती, ती वाढत वाढत २००९ ला एक लाख झाली. सोबतच्या ताम्रपटाची आखणी सत्यजित राय यांची आहे.

यात आपला जिल्हा कुठे आहे? तर आहे, आणि तोही अशा जागी आहे की कोणाच्या ध्यानात येत नाही.

१९७३ साल. त्या वर्षी यवतमाळला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. गदिमा आले होते म्हणून जुनी माणसं अजून सांगतात. पण त्याच वर्षीच्या अकादमी पुरस्कारांत आपल्या जिल्ह्याचं एक नाव होतं, ते कोणी सांगत नाही. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे. मराठीच्या यादीत शोधाल तर सापडणार नाहीत, ते संस्कृतच्या यादीत आहेत. टिळकांच्या जीवनावर त्यांनी 'श्रीतिलकयशोऽर्णवः' हे संस्कृत महाकाव्य लिहिलं, त्याला १९७३ चा पुरस्कार. बापूजी २६ जानेवारी १९६८ लाच वारले होते. बिहारचे राज्यपाल झालेला, लोकसभेत बसलेला माणूस म्हातारपणी हजारो श्लोक रचत बसला आणि पुरस्कार घ्यायला मात्र राहिला नाही. आपल्याकडे त्यांच्या नावाच्या संस्था आहेत, पुतळे आहेत. ते महाकाव्य मी आजवर जिल्ह्यात कोणाच्या हातात पाहिलेलं नाही.

त्याच १९७३ चा मराठीतला पुरस्कार जी. ए. कुलकर्णींच्या 'काजळमाया'ला होता. पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद झाला आणि जी.एं.नी तो पुरस्कार परत करून टाकला. वर सांगितलेला वर्षांचा नियम किती टोचू शकतो ते यात दिसतं. माणूस मानी होता, विषय तिथेच संपवला.

आता मूळ गोष्ट. पारवा. आपल्याच तालुक्यातलं पारवा.

९ ऑक्टोबर १९३९ ला महेश एलकुंचवार तिथे जन्मले. पुढे नागपूरला शिकले, तिथेच शिकवलं, आणि मराठी नाटकात त्यांनी जे केलं ते सगळ्यांना माहीत आहे. 'होळी'वर केतन मेहतांनी आणि 'पार्टी'वर गोविंद निहलानींनी सिनेमे केले. १९८५ ला विजया मेहतांनी 'वाडा चिरेबंदी' रंगमंचावर आणलं. मग 'मग्न तळ्याकाठी', मग 'युगान्त'. चंद्रकांत कुलकर्णींनी ही तिन्ही नाटकं एकापाठोपाठ एक, दिवसभर चालतील अशी सादर केली. पुण्या-मुंबईच्या लोकांनी तिकिटं काढून आपल्या भागातल्या एका पडक्या वाड्याची गोष्ट दिवसभर पाहिली. वडील वारलेत, दिवस घालायचेत, दारात ट्रॅक्टर गंजत पडला आहे, आणि तेरवी जोरात करायची की नाही यावर घर फुटतं आहे. यातलं काय आपल्याला नवीन आहे? आपण सगळे अशा एका तरी तेरवीत जेवून आलो आहोत.

या 'युगान्त'ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच नाटकासाठी सरस्वती सन्मानही मिळाला. मराठीत तो त्याआधी फक्त विजय तेंडुलकरांना मिळाला होता.

बातमी मी पेपरात वाचली तेव्हा दुकान नवीनच टाकलं होतं. पारव्याचं नाव वाचून अंगावर काटा आला. दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगत सुटलो. त्यातले दोघं पारव्याचेच होते. एक जण म्हणाला, "आमच्या गावचा? कोन्त्या वाड्यातला?" दुसऱ्यानं विचारलं, "मंग पैसे गावाले भेटन का?" हसू नका, प्रश्न वाईट नव्हता. बाहेर गेलेल्या माणसाचा मान गावापर्यंत कसा पोचतो, हेच तो विचारत होता.

मी वाचनालयात गेलो. पुस्तक नव्हतं. त्यांचं आधीचंही एक नाटक नव्हतं. तिथला माणूस भला होता. म्हणाला, "सर, मांगवाले काय हरकत नाही, पण खरेदी झाली जी यंदाची." मग मी एका पुस्तकविक्रेत्याकडे पैसे पाठवले आणि लिहिलं, 'युगान्त' पाठवा, अकादमी पुरस्कारप्राप्त. महिन्याभरानं पार्सल आलं. उघडून पाहतो तर इरावती कर्व्यांचं 'युगान्त'! महाभारतावरचं. चूक म्हणावी तरी कशी? नाव तेच आणि अकादमी पुरस्कारही खराच, फक्त १९६८ चा. बसल्या बसल्या वाचून काढलं आणि वेडा झालो, त्याबद्दल त्या विक्रेत्याचे आजही आभार. पण पारव्याच्या माणसाचं पुस्तक हातात यायला पुढे आणखी काही महिने गेले.

माझा मुद्दा तिथून सुरू होतो. शहरातला वाचक निकालाची वाट पाहतो. आपण निकाल लागल्यावर पुस्तकाची वाट पाहायला सुरुवात करतो. आणि तोवर ते पुस्तक नियमाप्रमाणेच दोन ते सात वर्षं जुनं झालेलं असतं. मराठीत एका आवृत्तीच्या पाचशे-हजार प्रती निघतात. पुष्कळदा निकालाच्या दिवशी ते बाजारात नसतंच, नवी आवृत्ती निघेपर्यंत थांबा. ज्यांनी आधी वाचलं ते वाद घालतात, आपण वादाच्या बातम्या वाचतो.

हे आपल्या भागातल्या लेखकांच्या बाबतीत जास्त लागतं. विदर्भाला काही मिळत नाही, अशी आपली जुनी रड आहे. पण यादी नीट काढून पाहा. ग. त्र्यं. देशपांडे १९५९, पु. य. देशपांडे १९६२, कवी अनिल १९७७, शरच्चंद्र मुक्तिबोध १९७९. मग १९९५ ला वाशिमकडचे नामदेव कांबळे, 'राघववेळ'. २००४ ला बुलढाण्याचे सदानंद देशमुख, 'बारोमास'. २००६ ला आशा बगे, २००९ ला वसंत आबाजी डहाके, २०११ ला ग्रेस. २०२० ला नागपूरचे नंदा खरे, 'उद्या'साठी. खऱ्यांनी तर पुरस्कार घेणं आपण काही वर्षांपूर्वीच थांबवलं आहे असं सांगून नम्रपणे नाकारला. नाकारण्यासाठी का होईना, नाव नागपूरचंच होतं. तेव्हा लेखक नाहीत असं नाही. लिहिणारे इथून निघतात आणि दिल्लीपर्यंत पोचतात. दिल्लीहून त्यांची पुस्तकं मात्र परतीच्या गाडीत चढत नाहीत. 'बारोमास'मधली नापिकी, कर्ज, शिकून घरी बसलेला पोरगा ही गोष्ट ज्यांच्या घरात घडते आहे त्यांनाच ती सगळ्यात उशिरा वाचायला मिळावी, याला काय म्हणायचं?

२०१९ च्या जानेवारीत यवतमाळला पुन्हा संमेलन झालं, ९२ वं, अध्यक्ष अरुणा ढेरे. त्याआधी काय रामायण झालं ते सर्वांना आठवत असेल. उद्‌घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि आमंत्रण मागे घेतलं. या त्याच सहगल, ज्यांना १९८६ चा अकादमी पुरस्कार इंग्रजी कादंबरीसाठी मिळाला होता आणि ज्यांनी २०१५ ला तो परत केला होता. शेवटी उद्‌घाटन आपल्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी केलं. शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर ओढणारी बाई व्यासपीठावर उभी राहिली आणि मांडव गप्प झाला. वाद सगळ्यांच्या लक्षात राहिला. माझ्या लक्षात मात्र ग्रंथदालनातली गर्दीही राहिली. खेड्यांतली पोरं पुस्तक उचलायची, मागची किंमत पाहायची आणि परत ठेवायची. काही जण मोबाईलवर मुखपृष्ठाचा फोटो काढून न्यायचे. पुढे कधी घेऊ म्हणून.

या पोरांसाठीच वाचनालय असतं ना? आपल्या राज्यात १९६७ चा ग्रंथालय कायदा आहे. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे अनुदान आहे. ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं आणि खरेदी करताना वाचनालयांना तिच्याकडे पाहावं लागतं. म्हणजे घाटंजीच्या कपाटात काय येणार हे ठरवणारी खरी राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय जी काय म्हणाल ती यादी ही आहे. बुकरच्या यादीची चर्चा पेपरात होते. या यादीवर तालुक्याच्या ठिकाणी कोणी अर्धा तास तरी बोललेलं मी ऐकलेलं नाही. यात माझीही चूक आहे. वाचनालयाच्या वार्षिक सभेला मी वीस वर्षांत किती वेळा गेलो? बोटावर मोजण्याइतका.

केरळाचं उदाहरण लोक उगाच देतात असं मला वाटायचं. मग जेसीबीची यादी मांडून पाहिली. २०१८ ते २०२४ असे सात विजेते. त्यातले पाच अनुवाद, आणि पाचांतले तीन एकट्या मल्याळममधले. बेन्यामिन, एस. हरीश, एम. मुकुंदन. एक उर्दू, एक तमिळ. मराठी एकही नाही. आंतरराष्ट्रीय बुकरच्या लांब यादीतही २०२५ पर्यंत मराठी पुस्तक आलेलं नाही, हिंदी, तमिळ, कन्नड आली. मराठीत पुस्तकं कमी दर्जाची आहेत हे मला मान्य नाही. अनुवाद कमी होतात, आणि अनुवाद करावासा वाटायला आधी त्या पुस्तकाचा गवगवा त्याच्या भाषेत व्हावा लागतो. तिकडे पी. एन. पणिक्करांनी १९४५ साली ४७ ग्रंथालयांना एकत्र करून संघ उभा केला आणि गावोगाव वाचणारे तयार केले. वाचणारे असले की पुस्तकाचं नाव आपोआप फिरतं. आपल्याकडे वाचणारे आहेत, पण पुस्तक पोचेपर्यंत त्यांचा हुरूप संपतो.

यादी आधी उघड असण्याचा आणखी एक फायदा आहे, जरा तिखट आहे पण लिहितो. डिसेंबर २०२२ ला आपल्या राज्य शासनानं कोबाड गांधींच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला जाहीर झालेला पुरस्कार काही दिवसांतच रद्द केला, निवड समितीही बरखास्त केली. पुस्तक चांगलं की वाईट यावर आमच्या दुकानावर दोन तट पडले. पण पाचातल्या एकानंही ते वाचलेलं नव्हतं! मग आम्ही वर्गणी काढून मागवलं आणि वाचून भांडलो. तट दोनच राहिले, पण माणसं इकडची तिकडे झाली. चार महिने आधी दहा पुस्तकांची यादी लोकांसमोर असती आणि निम्म्या महाराष्ट्रानं ती वाचलेली असती, तर असं एका रात्रीत पुसून टाकणं जड गेलं असतं, असं मला वाटतं. काकांना तसं वाटत नाही. ते म्हणतात, "ज्याले पुसाचं हाय तो पुसते जी."

असो. तक्रार पुरे, आता काय केलं ते सांगतो.

दिल्लीनं यादी आधी द्यावी असं पत्र आम्ही पाठवलं आहे. उत्तराची आशा धरून बसलो नाही. त्याऐवजी यंदा आम्हीच लांब यादी केली. नियमात बसणाऱ्या वर्षांतली बारा मराठी पुस्तकं, प्रत्येकानं दोन-दोन सुचवली आणि दोन गावातल्या कॉलेजच्या पोरींनी. त्या दोघींनी कविता सुचवली, काकांनी तोंड वाकडं केलं, पण मतदानात हरले. वर्गणी काढली. बारापैकी सात पुस्तकं आली आहेत, दोन छापून संपली आहेत, तीन वाटेत आहेत. यादी दुकानाच्या काचेवर लावली आहे, युरियाच्या दरपत्रकाच्या बाजूला. बाराव्या नावाखाली कोणीतरी पेनानं स्वतःच्या कवितासंग्रहाचं नाव लिहून ठेवलं आहे. अक्षर ओळखीचं आहे, बोलत नाही.

वाचनालयाच्या मंडळींनाही भेटलो. पुढच्या खरेदीत यातली किमान पाच घ्या आणि एलकुंचवारांची ती तीन नाटकं घ्याच, असं लेखी दिलं आहे. नाही म्हणाले नाहीत. सभा पुढच्या महिन्यात आहे, तारीख कळली की इथेच टाकतो. सभासद असाल तर या. नसाल तर आधी सभासद व्हा, वर्गणी एका चहापार्टीपेक्षा कमी आहे.

पुस्तकं काउंटरच्या मागच्या फळीवर आहेत, बियाण्यांच्या पाकिटांच्या वर. वही ठेवली आहे. नाव, गाव, तारीख लिहा आणि न्या. पंधरा दिवसांत परत. पारव्याकडच्यांना तीन आठवडे, कारण एसटीचा भरवसा नाही. आणि हो, वहीत 'बारोमास' सात महिन्यांपूर्वी गेलेलं दिसतं, पण नावाच्या जागी नुसती सही आहे आणि ती काही वाचता येत नाही. ज्याच्याकडे असेल त्यानं निमूट आणून फळीवर ठेवावं. कोण ते विचारणार नाही.

काका मात्र विचारतील.